दोह्याचं इस्लामी कला संग्रहालय मुलांबरोबर बघताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

कतारच्या दोह्यात राहणारी मराठी कुटुंबं या संग्रहालयात साधारण दोनदाच जातात. एकदा स्वतः नवीन आल्यावर आणि एकदा गावाकडून आई-बाबा आले की. दोन्ही वेळा मुलं सोबत असतात आणि दोन्ही वेळा ती कंटाळतात. मग "आमच्या मुलांना म्युझियम आवडत नाही" असा निष्कर्ष निघतो. मुलांना वस्तू आवडत नाहीत असं नसतं. आपण त्यांना उलट्या क्रमाने नेतो: आधी पाटी वाचून दाखवतो, मग वस्तू दाखवतो आणि हाताला काहीच करायला देत नाही. क्रम फिरवा. आधी हात, मग डोळे, पाटी सगळ्यात शेवटी.

खालचे टप्पे साधारण पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहेत. त्याहून लहान मूल असेल तर टप्पा ५ आणि ८ वाचून निघालात तरी चालेल.

## टप्पा १: काय बघायचं नाही ते आधी ठरवा

कायमस्वरूपी दालनं एकाहून जास्त मजल्यांवर पसरलेली आहेत आणि स्पेनपासून आग्नेय आशियापर्यंतच्या, हजारभराहून जास्त वर्षांच्या वस्तू तिथे आहेत. एका फेरीत हे मोठ्यांनाही पचत नाही. मुलांबरोबर एका वेळी एकच मजला, सहा वस्तू आणि आत जास्तीत जास्त सव्वा तास. तिकिटाचे पैसे वसूल करण्याचा मोह पाहुण्यांबरोबर गेल्यावर फार होतो, तो आवरा.

वस्तू निवडायला संग्रहालयाचं संकेतस्थळ उघडा आणि मुलालाही शेजारी बसवा. मुलांशी चटकन बोलणाऱ्या काही वस्तू:

- दहाव्या शतकातली ब्राँझची हरिणी. ही मुस्लिम अमलाखालच्या स्पेनमधली. ती कारंज्याचा भाग होती, पाणी तिच्या तोंडातून बाहेर पडायचं. पाणी आत कुठून येत असेल, हा प्रश्न मुलांना बराच वेळ पुरतो.
- पंधराव्या शतकातला युद्धाचा लोखंडी मुखवटा. त्याला नाक आहे, भुवया आहेत.
- निळ्या कुराणाचं पान. नीळ दिलेल्या चामड्यावर सोन्याची कोनदार अक्षरं.
- नवव्या शतकातला इराकी वाडगा. पांढऱ्या झिलईवर निळ्या शाईने लिहावं तशी अक्षरं. चिनी भांड्यांसारखी पांढरी भांडी हवी होती, पण तशी माती नव्हती. म्हणून कुंभारांनी साध्या मातीवर पांढरी झिलई चढवली.
- अस्त्रलाब, म्हणजे ताऱ्यांवरून वेळ आणि दिशा काढण्याचं पितळी यंत्र.
- शाहजहानचा जेड या मौल्यवान दगडाचा ताईत. त्यावर हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेतलं, सन १०४१ कोरलेलं आहे. ते का महत्त्वाचं, हे टप्पा ३ मध्ये येतं.

तपासा: वस्तू अधूनमधून बदलतात, कर्जाऊ जातात किंवा विश्रांतीला आत ठेवतात. हस्तलिखितं आणि कापड तर विशेष. म्हणून सहा ठरवा, पण आणखी दोन खिशात ठेवा. हरिणीसाठी आलेल्या मुलाला ती दिसली नाही तर पुढची अर्धी फेरी रुसव्यात जाते.

## टप्पा २: आठ टोकांचा तारा घरी काढून घ्या

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नेमकं इथेच सगळं बिघडतं. संग्रहालयात मुलाला शेकडो नक्ष्या दिसतात. ज्याने एकही स्वतः काढलेली नाही, त्याला त्या सगळ्या "डिझाइन" दिसतात. ज्याने एक काढली आहे, तो त्यात आकार शोधायला लागतो. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला दुसऱ्याच्या अंगणातल्या रांगोळीचे ठिपके आपोआप दिसतात, तसंच हे.

साहित्य: चौरस कागद, कंपास, पट्टी, पेन्सिल, कात्री. वेळ अर्धा तास.

1. चौरस कागदाची उभी घडी घाला, उघडा. आडवी घाला, उघडा. मग दोन्ही कर्णांवर घाला आणि उघडा. मध्यातून निघणाऱ्या आठ रेषा मिळतात.
2. मध्यबिंदूवर कंपासचं टोक ठेवून वर्तुळ काढा. वर्तुळ घड्यांना जिथे छेदतं तिथे आठ खुणा करा आणि ओळीने १ ते ८ आकडे घाला.
3. १-३-५-७ जोडा आणि परत १ वर या. एक चौरस झाला.
4. २-४-६-८ जोडा. दुसरा चौरस, पहिल्यावर तिरका बसलेला. बाहेरची कड गिरवा. आठ टोकांचा तारा तयार.
5. असेच आणखी तीन काढा, सगळे एकाच मापाचे. कापून घ्या. दोन वर, दोन खाली असे मांडा; शेजारच्या ताऱ्यांची टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत.

आता मधल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवा. तिथे टोकदार हातांचा क्रॉससारखा आकार आपोआप तयार झालेला असतो, तो कुणीही काढलेला नसतो. तेराव्या शतकातल्या इराणी फरशा अशाच जोडीने बनत: एक तारा, एक क्रॉस. मुलाने हे हाताने केलं असेल तर भिंतीवर तशी फरशी दिसल्यावर तुम्हाला बोलावंच लागत नाही.

सावधान: तारा तुम्ही काढून देऊ नका. वाकडा आला तरी त्याचाच राहू द्या. चारही तारे सारख्या मापाचे नसतील तर मधला आकार जुळणार नाही. "का जुळत नाही?" हे त्यालाच शोधू द्या.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला कंपास जड जातो. त्याला दोन चौरस कापून द्या आणि एकावर एक तिरका चिकटवायला सांगा. तारा तोच.

## टप्पा ३: आकडे आणि सन

अक्षरं शिकवण्याच्या फंदात पडू नका. दोह्यातल्या शाळेत अरबी असेल तर मूलच तुम्हाला शिकवील, नसेल तर दोन दिवसांत येणार नाही. आकडे मात्र एका संध्याकाळी येतात. त्यासाठी कतारी रियालची नोट घ्या. एका बाजूला अरबी आकडे असतात, दुसऱ्या बाजूला नेहमीचे.

मुलं कुठे फसतात ते आधीच सांगतो. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. सहा इंग्रजी साताच्या आकड्यासारखा दिसतो. सात म्हणजे इंग्रजी 'व्ही', आठ म्हणजे तोच उलटा. अक्षरं उजवीकडून डावीकडे लिहितात, पण आकडा डावीकडून उजवीकडेच वाचायचा. हे शेवटचं मोठ्यांनाही माहीत नसतं.

आता सन. वस्तूवर कोरलेलं साल बहुधा हिजरी असतं. ही गणना इसवी सन ६२२ पासून सुरू होते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने आपल्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे नुसते ६२२ मिळवून भागत नाही. दशांश अपूर्णांक शिकलेल्या मुलाला हे गणित द्या: हिजरी सन गुणिले ०.९७, अधिक ६२२. उत्तर एखाद्या वर्षाच्या फरकाने बरोबर येतं.

सराव घरच्या उदाहरणावर करा. हिजरी १०८५ घ्या. गुणाकार १०५२.४५, त्यात ६२२ मिळवले की १६७४. रायगडावरच्या राज्याभिषेकाचं साल! मूल चमकतं. मग शाहजहानच्या ताइताचे १०४१ त्याला स्वतः करू द्या. १६३१ येतं. त्याच वर्षी जून महिन्यात मुमताजमहल बऱ्हाणपुरात वारली. बऱ्हाणपूर म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याच्या सीमेपलीकडचंच गाव. छातीवर बांधायच्या त्या ताइताकडे मूल मग वेगळ्या नजरेने बघतं.

## टप्पा ४: वेळ, तिकीट, पिशवी

शुक्रवारी संग्रहालय दुपारी उघडतं आणि रमजानमध्ये वेळा बदलतात. निघण्याच्या आदल्या दिवशी संकेतस्थळावर वेळ बघा, कुणाच्या जुन्या मेसेजवर विसंबू नका. क्यूआयडी (कतारचं रहिवासी ओळखपत्र) असलेल्यांना प्रवेश मोफत असतो, म्हणून ते कार्ड बरोबर ठेवा. भेटीच्या व्हिसावर आलेल्या आजी-आजोबांना तिकीट लागतं. ते आधीच ऑनलाइन काढलं तर दारात मुलांना ताटकळवावं लागत नाही.

सकाळी उघडताच जाणं उत्तम. जेवणानंतर दोनच्या सुमाराला अंधाऱ्या, गार दालनात नेलेलं मूल पेंगणारच.

मेट्रोने यायचं तर गोल्ड लाइनवरची सूक वाकिफ आणि नॅशनल म्युझियम ही स्थानकं सोयीची, पण दोन्हीकडून चालावं लागतं. हिवाळ्यात ती मजाच आहे. मे ते सप्टेंबर लहान मुलांना आणि आजींना त्या उन्हात चालवू नका, सरळ टॅक्सीने दारापर्यंत या. संग्रहालय समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर आहे. रस्त्यापासून दारापर्यंतचा खजुरीच्या झाडांमधला चढ फोटोत छान दिसतो, पण सावली फारशी देत नाही.

पिशवीत काय:

- प्रत्येक मुलाला छोटी वही आणि पेन्सिल. दालनात पेन नकोच.
- प्रत्येकाला एक स्वेटर. बाहेर ४० अंश असले तरी आत एसीचा गारठा असतो. मुलं "घरी जाऊया" म्हणायला लागतात त्याचं निम्मं कारण हेच असतं.
- घरी कापलेला एक तारा.
- मागची सॅक नको. वळताना ती काचेवर आपटते. आणलीच असेल तर लॉकरमध्ये ठेवा.

पाणी आणि खाऊ दालनाबाहेरच. कपडे मोठ्यांचे खांदे-गुडघे झाकणारे असावेत.

तपासा: दारात शिरण्याआधी सगळ्यांची शू झाली का? हसू नका. तिसऱ्या वस्तूपाशी हे आठवलं की फेरी संपली म्हणून समजा.

## टप्पा ५: आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं दालनात जायचं नाही

लोक सरळ लिफ्टकडे धावतात. थांबा. मुलाला मधल्या चौकात, भव्य जिन्याच्या पायाशी उभं करा आणि वर बघायला सांगा. इमारतीचे वास्तुकार आय. एम. पेई यांनी या घुमटात एक खेळ करून ठेवला आहे. सगळ्यात वर वर्तुळ आहे. खाली येताना त्याचा अष्टकोन होतो, अष्टकोनाचा चौरस आणि चौरसाचे चार त्रिकोणी पाखे, जे खालच्या खांबांना जाऊन मिळतात. वर्तुळ, अष्टकोन, चौरस: मुलाने घरी कंपासने हेच केलेलं असतं. चारही आकार शोधल्याशिवाय वर जायचं नाही, अशी अट घाला.

मग उत्तरेच्या ४५ मीटर उंच काचेपाशी जा, समुद्र बघू द्या, "वाव" म्हणू द्या, आवाज घुमवून बघू द्या. ही मोकळीक इथेच संपते, हे तेव्हाच सांगा. नियम तीनच: धावायचं नाही, काचेला टेकायचं नाही, आपल्या माणसाच्या नजरेआड जायचं नाही. "हात लावू नको" हे नुसतं बजावण्यापेक्षा कारण सांगा: हाताच्या घामाने आणि तेलाने धातू डागाळतो, हजार वर्षं टिकलेली वस्तू आपल्यामुळे खराब होईल. कारण कळलेलं मूल इतरांनाही थांबवतं, कधीकधी जरा जास्तच.

सावधान: दालनात उजेड मुद्दाम मंद असतो, कारण जुन्या कागदाचा आणि कापडाचा रंग प्रकाशाने उडतो. त्यातच काचेच्या पेट्या मोठ्या आणि इतक्या स्वच्छ असतात की मुलाला काच दिसतच नाही, कपाळ आपटतं. पहिल्या दालनात शिरताना दोन मिनिटं हात धरून उभे राहा, डोळे सरावू द्या.

## टप्पा ६: प्रत्येक वस्तूपाशी हाच क्रम

1. गप्प बघणं. वीसपर्यंत मनात आकडे मोजायचे. तुम्हीसुद्धा.
2. दिसलं ते सांगणं. "काय दिसतंय?" एवढंच विचारा. "कसं वाटतंय?" विचारू नका, त्याला "छान" एवढंच उत्तर येतं.
3. अंदाज. कशाची केली असेल? कोण वापरत असेल? जड असेल का?
4. पेन्सिल. अख्खी वस्तू नाही, एक तुकडा: हरिणीचा कान, मुखवट्याची भुवई, एकच अक्षर.
5. आता पाटी. कुठली, कधीची, कशाची, या तीनच गोष्टी. अंदाज बरोबर आला का ते बघायचं आणि पुढे जायचं.

हमखास होणारी चूक अशी की बाबा पहिल्या पायरीआधीच पाचवी करून मोकळे होतात. पाटी वाचून झाली की मुलाला उत्तर मिळालेलं असतं, मग बघायला काही उरत नाही.

दुसरी चूक फोनची. फ्लॅश तर बंद हवाच, पण मुलाच्या हाती फोन दिला की ते प्रत्येक पेटीचा फोटो काढत सुटतं आणि एकही वस्तू बघत नाही. चित्र काढून झाल्यावरच त्या वस्तूचा एक फोटो, असा नियम ठेवा.

तिसरी चूक आपल्या डोक्यातली: "इस्लामी कलेत माणसं-प्राणी काढत नाहीत." मुलांना हे सांगून नेलंत तर पहिल्याच हरणापाशी तुमची पत जाते. मशिदीत आणि कुराणाच्या पानांवर सजीवांची चित्रं नसतात, तिथे अक्षरं, वेली आणि भूमिती असते. पण ताटं, सुरया, गालिचे, दरबारी चित्रं यांत घोडे, ससे, पक्षी, शिकारी, वादक भरपूर आहेत. लहान मुलाला हाच खेळ द्या: या खोलीत किती प्राणी? तुर्कस्तानातल्या इझनिक गावच्या सोळाव्या शतकातल्या ताटांवर फुलं मोजायला सांगा. त्यातला टोमॅटोसारखा लाल रंग बाजूने बघितला तर किंचित उठलेला दिसतो. वाकून, कडेने बघायला मुलांना आवडतंच.

अस्त्रलाबापाशी मात्र समजावून सांगण्याचा अट्टहास करू नका. "हे त्या काळचं घड्याळ, होकायंत्र आणि आकाशाचा नकाशा, सगळं एकात" एवढं पुरे. चकतीवरच्या काट्यांची टोकं म्हणजे एकेक तारा, हे दाखवा. बाकी त्याला दहावीत कळेल.

तपासा: तिसऱ्या वस्तूनंतर मुलाचे पाय बघा, चेहरा नाही. पाय घसटायला लागले की बाकावर बसा, पाच मिनिटं काहीही शिकवू नका.

## टप्पा ७: अवघड प्रश्न

मराठी मूल मुघल दालनात येतं तेव्हा डोक्यात शिवचरित्र घेऊन येतं. "हा औरंगजेबाचा बाप ना?" असा प्रश्न शाहजहानच्या ताइतापाशी खणखणीत आवाजात येणार, हे धरूनच चला. "शू!" करून गप्प करू नका. हो म्हणा. मग विचारा की हा ताईत घडवणारा कारागीर कोण असेल, त्याला किती दिवस लागले असतील. लढाई खरी होती, ताईतही खरा आहे, दोन्ही एकाच उपखंडातले आहेत. मोठ्या मुलाला विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाबद्दल सांगता येईल, जो दख्खनी भाषेत सरस्वतीची स्तुती करणारी पदं रचायचा. इतिहास शाळेच्या पुस्तकाहून जरा गुंतागुंतीचा असतो हे कळायला ते एक उदाहरण पुरतं. भाषण नको.

कुराणाच्या पानांपाशी अनेक जण भक्तिभावाने उभे असतात. तिथे जागा द्या, आवाज उतरवा, त्यांच्या मध्ये येऊन फोटो काढू नका. "यात काय लिहिलंय?" असं मुलाने विचारलं आणि शेजारी कुणी अरबी जाणणारं असेल, तर नम्रपणे विचारायला हरकत नाही. बहुतेक लोक आनंदाने सांगतात.

आजी-आजोबांनाही काम द्या, नाहीतर ते बाकावर बसून घड्याळ बघतात. आजीला कापड आणि दागिने, आजोबांना नाणी आणि साल. नातवाने हिजरीचं गणित करायचं, आजोबांनी तपासायचं. ही जोडी आई-बाबांपेक्षा जास्त वेळ टिकते.

## टप्पा ८: मूल थकण्याआधी बाहेर

सहावी वस्तू राहिली तरी चालेल. मूल "अजून एक" म्हणत असताना निघा. रडत असताना नाही.

दुकानात शिरण्याआधी खर्चाची मर्यादा सांगा, दुकानात शिरल्यावर नाही. पोस्टकार्ड घेतलं तर आज बघितलेल्या वस्तूचंच घ्यायचं, ही अट उपयोगी पडते.

त्यानंतर बागेत जा. संग्रहालयाला लागूनच समुद्राकाठी हिरवळ आहे आणि धक्क्याच्या टोकाशी रिचर्ड सेरा यांचं २०११ मधलं पोलादी शिल्प उभं आहे: सात पत्रे, सुमारे २४ मीटर उंच. आत शिरता येतं, वर बघितलं की आभाळाचा तुकडा दिसतो आणि आवाज घुमतो. आत सव्वा तास दाबून ठेवलेला आरडाओरडा इथे करू द्या. पत्रे मोजायला सांगा आणि सात हा आकडा अरबीत वाळूवर काढायला लावा. उन्हाळ्यात हे सूर्य मावळल्यावरच करा, दिवसा ते पोलाद तापलेलं असतं.

## टप्पा ९: त्याच रात्री, पंधरा मिनिटं

वहीतलं एक चित्र मुलाने निवडायचं आणि घरी असलेल्या माणसाला, नाहीतर व्हिडिओ कॉलवर गावाकडच्या मावशीला समजावून सांगायचं. तुम्ही मध्ये दुरुस्ती करू नका. इराकचं इराण झालं तरी होऊ द्या, उद्या सांगता येईल.

वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी तुम्ही लिहा: कुठला मजला झाला, कुठल्या वस्तूपाशी मूल सगळ्यात जास्त वेळ उभं राहिलं. पुढच्या वेळची सहा वस्तूंची यादी त्या एका वस्तूपासून सुरू करा. मुखवट्यापाशी रेंगाळलं असेल तर चिलखतं आणि शिरस्त्राणं, हरिणीपाशी रेंगाळलं असेल तर प्राण्यांची भांडी आणि सुरया. दोन फेऱ्यांमध्ये निदान महिनाभर जाऊ द्या.